गरम झाल्यावर बीटलचे आयडलिंग पुन्हा पुन्हा बिघडते: मिक्श्चरच्या स्क्रूला हात लावण्यापूर्वी आणि नंतर

फोक्सवॅगन बीटलच्या १६०० सीसी, ड्युअल-पोर्ट (प्रत्येक हेडला मिश्रण आत येण्याच्या दोन वाटा असलेल्या) इंजिनावर सोलेक्स ३४ पिक्ट-३ कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) असेल, तर पुढील तक्रार कधी ना कधी समोर येतेच. थंड इंजिन पहिल्या स्टार्टरला सुरू होते, पहिली काही मिनिटे तक्रारीला जागा नसते, आणि गाडी पुरती तापली की सिग्नलला उभी असताना आयडलिंग (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिनाचे चालणे) खाली-वर होऊ लागते, न्यूट्रलमध्ये इंजिन अचानक बंद पडते किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडताच सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. मिक्श्चरचा, म्हणजे पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा, स्क्रू अर्धा फेरा बाहेर काढला की इंजिन सावरते, मागचे झाकण लावले जाते, आणि काही आठवड्यांनी तोच प्रकार पुन्हा सुरू होतो. पुन्हा अर्धा फेरा. असे करत करत स्क्रू चार-पाच फेरे बाहेर आलेला असतो, गाडी पेट्रोल जास्त पिते, आणि तरीही आयडलिंग स्थिर नसते.

एकदा नीट बसवलेला स्क्रू जागचा हलत नाही. तेच आयडलिंग मिळवण्यासाठी तो दर वेळी वेगळ्या जागी न्यावा लागत असेल, तर इंजिनात दुसरे काहीतरी बदलत आहे आणि स्क्रू केवळ त्याची भरपाई करत आहे. म्हणून या तक्रारीवर काम करताना स्क्रूला शेवटी हात लावावा, आणि तो कुठे येऊन थांबतो याकडे निदानाचे साधन म्हणून पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

मिक्श्चरच्या स्क्रूचा अधिकार किती, हे आधी स्पष्ट असलेले बरे. ३४ पिक्ट-३ च्या डाव्या अंगाला दोन स्क्रू असतात. मोठा स्क्रू बायपासचा असून त्याने आयडलिंगचा वेग ठरतो, तर लहान स्क्रू आयडल मिक्श्चरचा असून त्याने आयडल सर्किटमधून येणाऱ्या मिश्रणाचे प्रमाण ठरते. थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) थोडे उघडेपर्यंत या सर्किटचा प्रभाव असतो. गाडी सरळ रस्त्यावर एका वेगाने धावत असताना पेट्रोल मेन जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या मुख्य बारीक छिद्रातून) येते, आणि तेथे या लहान स्क्रूचा संबंध जवळजवळ संपलेला असतो. हायवेवर इंजिन तापते म्हणून मिक्श्चरचा स्क्रू बाहेर काढणारे बरेच आहेत. त्याने आयडलिंगला काळा धूर येतो आणि हायवेवरचे तापणे जसेच्या तसे राहते.

एअर-कूल्ड (हवेने थंड होणाऱ्या) इंजिनात लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) मिश्रणाची किंमत जास्त मोजावी लागते, कारण सिलिंडर हेडची उष्णता सामावून घ्यायला भोवती पाणी नसते. फॅनची हवा आणि तेल यांच्या जोरावरच सगळा निभाव लागतो. त्यातही १९७० पर्यंतच्या इंजिनांत ऑइल कूलर फॅनच्या आवरणातच, तीन नंबरच्या सिलिंडरच्या वाटेवर बसवलेला असल्याने त्या सिलिंडरला आधीच तापलेली हवा मिळते. अशा इंजिनात मिश्रण थोडे रिच (पेट्रोल जास्त) ठेवणे हे थोडे लीन ठेवण्यापेक्षा केव्हाही सुरक्षित असते. मात्र फार रिच मिश्रणाचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल धुऊन काढते आणि खालच्या तेलात मिसळते, त्यामुळे ती पळवाटही फार दूर नेत नाही.

तक्रार कशी परतते, ते आधी पाहावे

दोष शोधण्याची सर्वांत उपयोगी खूण म्हणजे तो परत येण्याची रीत. आठवड्यागणिक हळूहळू, एकाच दिशेने आयडलिंग उतरत गेले, तर झिजणाऱ्या वस्तूंवर संशय घ्यावा. त्यात पहिला मान प्लॅटिनम पॉइंटचा (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि दुसरा टॅपेटचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांतील फट). थंड असताना ठीक आणि तापल्यावर बिघाड, किंवा त्याच्या नेमके उलट, असा प्रकार असेल तर रबरी नळ्या, मॅनिफोल्डचे (कार्बोरेटरपासून हेडपर्यंतच्या नळ्यांचे) बूट, थ्रॉटलचा शाफ्ट, चोक (थंड इंजिनासाठी हवा अडवून मिश्रण रिच करणारी पाकळी) आणि मॅनिफोल्ड तापवणारी नळी यांच्याकडे पाहावे. आणि कोणताही ताल नसेल, म्हणजे काल उत्तम चाललेली गाडी आज मध्येच बंद पडली आणि संध्याकाळी पुन्हा आपोआप सुधारली, तर आयडल जेटमध्ये फिरणारा कचरा किंवा कट-ऑफ व्हॉल्व्हची (इग्निशन बंद होताच आयडलचे पेट्रोल अडवणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची) ढिली वायर, यांपैकी एक बहुधा हाती लागते.

या तिन्ही प्रकारांत स्क्रू फिरवल्यावर तात्पुरता गुण येतो. दोष लपतो तो त्यामुळेच.

टॅपेट, पॉइंट आणि टायमिंग

कार्बोरेटरकडे वळण्याआधी टॅपेट पूर्ण थंड इंजिनावर, शक्यतो रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर, ०.१५ मिलिमीटरला लावावेत. टॅपेट घट्ट झाला की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, आयडलिंगला तो सिलिंडर अर्धवट काम करतो आणि त्याचा आवाज थेट लीन मिश्रणासारखा येतो. टॅपेट खडखडला तर मालक लगेच लक्ष देतो, पण घट्ट टॅपेट गप्प असतो. एकाच एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा गॅप प्रत्येक तपासणीत कमी होत असेल, तर तो व्हॉल्व्ह लांबत आहे किंवा त्याची सीट खचत आहे. अशा इंजिनाला ट्यूनिंगची नव्हे, हेड उतरवण्याची गरज आहे.

पॉइंटचा गॅप ०.४ मिलिमीटर असावा आणि ड्वेल (पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन) ४४ ते ५० अंशांत यावा. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, तसा गॅप कमी होतो, ड्वेल वाढतो आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे सरकते. टायमिंग मागे गेले की आयडलिंग उतरते, आणि उतरलेले आयडलिंग पाहून हात मिक्श्चरच्या स्क्रूकडे जातो. दर महिन्या-दीड महिन्याने परतणारी तक्रार बऱ्याचदा एवढ्यावरच संपते. कॅमला ग्रीस लावलेले नसेल तर टाच फार लवकर झिजते, तेव्हा नवे पॉइंट बसवताना बोटाच्या टोकावर मावेल इतके ग्रीस विसरू नये.

टायमिंग लाइटने तपासताना डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) कोणता आहे हे पाहणे आवश्यक आहे. बॉशचा ००९ हा केवळ सेंट्रिफ्युगल अ‍ॅडव्हान्स (वेगानुसार ठिणगी लवकर पाडणे) असलेला डिस्ट्रिब्युटर आहे, आणि ३४ पिक्ट-३ कार्बोरेटर मात्र व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्स (कार्बोरेटरमधल्या ओढीने ठिणगी लवकर पाडणे) गृहीत धरून जेट केलेला आहे. ही जोडी असेल तर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर गुदमरते आणि मग उचलते. हा गुदमर कार्बोरेटरमध्ये शोधत बसण्यात अर्थ नाही. मिश्रण रिच करून, अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा फवारा वाढवून तो थोडा झाकता येतो, पण खरा उपाय व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्सचा डिस्ट्रिब्युटर हाच आहे. तो डिस्ट्रिब्युटर आधीच असेल, तर नळी कार्बोरेटरकडून काढून तोंडाने हवा ओढावी आणि नळीच्या टोकावर जीभ दाबून ठेवावी. पॉइंटची प्लेट सरकली पाहिजे आणि जीभ चिकटून राहिली पाहिजे. प्लेट सरकते पण लगेच परत येते, तर आतला पडदा फाटला आहे, आणि तोच फाटका पडदा कार्बोरेटरलाही बाहेरची हवा पाजत असतो.

इंजिन हवा कुठून खेचते

माझ्या अनुभवात तापल्यावर बिघडणाऱ्या आयडलिंगचे मूळ सर्वाधिक वेळा येथे असते. बीटलचा कार्बोरेटर इंजिनाच्या मधोमध उंचावर बसतो आणि तेथून लांब नळ्या दोन्ही बाजूंच्या हेडपर्यंत जातात. ड्युअल-पोर्ट इंजिनात मधली नळी आणि दोन्ही टोकांचे अ‍ॅल्युमिनियमचे भाग यांच्यामध्ये रबरी बूट असतात. हे बूट वरून काळेभोर, नव्यासारखे दिसतात आणि खालच्या बाजूने, क्लॅम्पच्या कडेला, नखाएवढ्या चिरा पडलेल्या असतात. दंतवैद्य वापरतो तसला छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन खालची बाजू पाहिल्याशिवाय बूट ठीक आहे असे म्हणू नये. बोटाने बूट दाबला असता चीर उघडते, आणि इंजिन चालू असताना दाबला तर आयडलिंगचा आवाज बदलतो.

बाहेरची हवा शोधण्यासाठी कार्ब क्लीनर फवारण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे, पण या इंजिनात ती फसवी ठरू शकते. फॅनमुळे इंजिनाच्या खोलीतील हवा सतत फिरत असते, फवारा भलतीकडे उडतो, आणि त्याची वाफ एअर क्लीनरच्या तोंडातून आत गेली तरी आरपीएम बदलतो. मग चांगल्या बुटावरही संशय येतो. म्हणून एअर क्लीनरच्या तोंडाला लांब नळी लावून ते तोंड बाजूला न्यावे, फवाऱ्याला बारीक नळी बसवावी आणि एका वेळी एकाच सांध्यावर अगदी थोडा फवारा मारावा. क्रम असा ठेवता येतो: आधी कार्बोरेटरच्या पायाची गॅस्केट, मग दोन्ही बूट, त्यानंतर हेडवरच्या गॅस्केट, आणि शेवटी थ्रॉटल शाफ्टची दोन्ही टोके. फवारा ज्वलनशील असतो, सायलेन्सर तापलेला असतो आणि डायनॅमोचे ब्रश शेजारीच ठिणग्या टाकत असतात, त्यामुळे अग्निशामक हाताशी असल्याशिवाय हे काम करू नये. ज्यांना शक्य आहे त्यांनी धूर सोडून तपासणी करून घ्यावी. बंद इंजिनावर होणारी ती तपासणी अधिक सुरक्षित आणि निःसंदिग्ध असते.

प्लगही येथे साक्ष देतात. एक आणि दोन नंबरचे सिलिंडर उजव्या बाजूला, तीन आणि चार डाव्या बाजूला असतात. एका बाजूचे दोन्ही प्लग पांढुरके आणि दुसऱ्या बाजूचे तपकिरी असतील, तर कार्बोरेटर दोन्ही बाजूंना सामाईक असल्याने दोष त्या पांढऱ्या बाजूच्या बुटात किंवा हेडच्या गॅस्केटमध्ये आहे. चारही सारखेच पांढुरके असतील तर कार्बोरेटरचा पाया, शाफ्ट किंवा जेट यांच्याकडे वळावे. आजच्या शिसेविरहित पेट्रोलवर प्लगचा रंग पूर्वीइतका गडद येत नाही, त्यामुळे फिकट रंग पाहूनच लीन असा निकाल देऊ नये. एका बाजूची दुसऱ्या बाजूशी तुलना मात्र आजही विश्वासार्ह आहे.

थ्रॉटल शाफ्टची झीज ही जुन्या कार्बोरेटरची ठरलेली व्यथा आहे. अ‍ॅक्सिलरेटरची केबल आणि स्प्रिंग शाफ्टला वर्षानुवर्षे एकाच बाजूला ओढतात आणि भोक लंबगोल होते. लिव्हर चिमटीत धरून वर-खाली हलवला असता खुळखुळला, तर तेथून हवा जाते, आणि ती दर वेळी थोडी वेगळी जाते, कारण शाफ्ट दर वेळी थोडा वेगळा बसतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर आयडलिंग कधी ७०० आणि कधी ११०० वर थांबते, ते यामुळे. स्क्रूने याची भरपाई होऊ शकत नाही.

थ्रॉटलची पाकळी आणि कट-ऑफ व्हॉल्व्ह

३४ पिक्ट-३ ची सर्वाधिक बिघडवली जाणारी जागा म्हणजे थ्रॉटलच्या लिव्हरवरचा, चोकच्या पायऱ्या असलेल्या कॅमवर टेकणारा स्क्रू. २८ पिक्ट आणि ३० पिक्ट-१ या जुन्या कार्बोरेटरांवर आयडलिंगचा वेग थ्रॉटलच्या स्क्रूनेच लावतात, आणि तीच सवय ३४ पिक्ट-३ वर वापरली जाते. येथे मात्र तो स्क्रू फिरवून वेग वाढवला की थ्रॉटलची पाकळी गरजेपेक्षा जास्त उघडी राहते आणि तिच्या कडेशी असलेली बारीक भोके उघडी पडून त्यांतून मिश्रण येऊ लागते. परिणामी आयडलचे दोन्ही स्क्रू निष्प्रभ होतात. शिवाय व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्सचे छिद्रही उघडे पडते, आयडलिंगलाच टायमिंग पुढे जाते आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर वेग खाली यायला तयार होत नाही. टायमिंग लाइट लावून व्हॅक्युमची नळी काढावी आणि पुन्हा लावावी. एका नळीच्या व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्समध्ये आयडलिंगला खूण जागची हलता कामा नये. हलली, तर पाकळी जास्त उघडी आहे.

कट-ऑफ व्हॉल्व्हची तपासणी सोपी आहे. इग्निशन चालू करून त्याची वायर काढली आणि पुन्हा टेकवली की टक् असा स्पष्ट आवाज आला पाहिजे. आता इंजिन आयडलिंगला चालू ठेवून तीच वायर काढावी. इंजिन एक-दोन क्षणांत बंद पडले पाहिजे. बंद पडले नाही, तर दोनच शक्यता उरतात: व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे किंवा पाकळी जास्त उघडी असल्याने पेट्रोल दुसऱ्या वाटेने येत आहे. चावी काढल्यावरही इंजिन काही काळ धडधडत राहत असेल, तर त्याचे मूळही येथेच असते. उलट, आवाजच येत नसेल तर व्हॉल्व्हपर्यंत १२ व्होल्ट पोहोचतात का ते मोजावे, कारण ढिल्या टर्मिनलमुळे तो खड्ड्यागणिक बंद-चालू होतो आणि आपण महिनोन्‌महिने जेट साफ करत राहतो.

बेताल बिघाडाचा दुसरा आरोपी आयडल जेट आहे. जेटवरचा आकडा त्याच्या भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो, म्हणजे ५५ चा जेट ०.५५ मिलिमीटरचा. एवढ्या भोकात टाकीतील गंजाचा एखादा कण बसतो, थोडा सरकतो, पुन्हा बसतो. जेट काढून हवेने फुंकावा. तार घालून भोक मोठे करू नये. जेट साफ केल्यावर गाडी सुधारते आणि चार दिवसांत तीच गत होते, कारण फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या) वाटीत तळाला तसल्याच कणांचा थर बसलेला असतो. वरचे झाकण काढून वाटी पुसून घ्यावी आणि आतील वाटांमधून हवा मारावी. हे झाकण हातात असताना, पेट्रोल आत आणणारी पितळी नळी झाकणात घट्ट आहे ना, हेही पाहावे. ती कालांतराने ढिली होऊन नळीसकट निघून येते आणि गरम इंजिनावर पेट्रोल सांडते. या गाड्यांना लागलेल्या आगींचे हे एक कुप्रसिद्ध कारण आहे. त्याच न्यायाने पेट्रोलचा फिल्टर डिस्ट्रिब्युटरच्या वर लोंबकळत ठेवू नये.

आता स्क्रू

वरची तपासणी पार पडली, की गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून इंजिन पूर्ण तापवावे. चोकची पाकळी अगदी उभी, म्हणजे पूर्ण उघडी असल्याची खात्री करावी. थ्रॉटलचा स्क्रू कॅमपासून सुटेपर्यंत मागे घ्यावा, मग तो कॅमला जेमतेम टेकेपर्यंत आत आणावा आणि तेथून पाव फेरा आणखी आत द्यावा. त्यानंतर तो स्क्रू विसरून जावा.

मिक्श्चरचा लहान स्क्रू हळूच आत फिरवून टेकवावा. येथे जोर लावू नये. स्क्रूचे टोक सुईसारखे निमुळते असते, आणि कुणी तो घट्ट आवळलेला असेल तर त्या टोकावर गोल कडे उमटलेले दिसते. अशा टोकाने पाव फेऱ्यावरचा फरक कळेनासा होतो आणि स्क्रू बदलण्यावाचून इलाज राहत नाही. त्यावरची ओ-रिंग कडक झाली असेल तर तीही बदलावी. टेकलेला स्क्रू अडीच फेरे बाहेर काढावा, इंजिन सुरू करावे आणि मोठ्या बायपास स्क्रूने वेग ८५० आरपीएमला आणावा.

आता लहान स्क्रू अगदी सावकाश, एका वेळी आठवा भाग फेरा या हिशेबाने फिरवावा आणि प्रत्येक वेळी इंजिनाला पाच-दहा सेकंद द्यावीत, कारण लांब मॅनिफोल्डमुळे बदलाचा परिणाम उशिरा कानावर येतो. वेग जेथे सर्वाधिक मिळेल ती जागा शोधावी. तेथून स्क्रू आत फिरवत वेग २० ते ३० आरपीएमने उतरेल एवढे लीन करावे आणि बायपासने पुन्हा ८५० वर यावे. बायपास बदलल्यावर मिश्रणही किंचित बदलते, म्हणून ही जोडी एकदा पुन्हा करावी. टॅकोमीटर नसेल तर कानावर काम भागते, पण मग उतार नक्की २० चा आहे की ८० चा हे कळत नाही, आणि एअर-कूल्ड इंजिनात अंदाजाने लीन करण्याची जोखीम मी घेणार नाही.

स्क्रू शेवटी कुठे थांबला, ते मोजून लिहून ठेवावे. दोन ते तीन फेऱ्यांच्या दरम्यान थांबला तर सर्व ठीक आहे. चार फेरे बाहेर काढूनही वेग वाढतच असेल, तर कुठेतरी हवा शिरते आहे किंवा आयडल जेट अर्धा बुजला आहे. एका फेऱ्याच्या आतच उत्तम आयडलिंग मिळत असेल, तर पेट्रोल दुसरीकडून जास्त येत आहे: फ्लोटची पातळी, नीडल व्हॉल्व्ह, पूर्ण न उघडणारा चोक किंवा कुणी तार घालून मोठा केलेला जेट. आणि स्क्रू पूर्ण आत टेकवूनही इंजिन बंद पडत नसेल, तर वरचा थ्रॉटलच्या पाकळीचा परिच्छेद पुन्हा वाचावा.

पेट्रोल जास्त येण्यात पंपाचा वाटा असू शकतो. यांत्रिक पंपाचा दाब साधारण ३ पीएसआयच्या आसपास असतो. नव्या बदली पंपाने जास्त दाब दिला तर नीडल व्हॉल्व्ह तो अडवू शकत नाही, फ्लोटची वाटी भरून वाहते आणि गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी सुरू करताना उग्र वास येतो. दाब गेजने मोजावा आणि पंपाखालच्या गॅस्केट वाढवून तो कमी करावा. केवळ गरम स्टार्टला त्रास असून आयडलिंग चांगले असेल, तर वाटीतले पेट्रोल उष्णतेने उकळून आत सांडत असते. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर अर्धा दाबून, न पंपता, स्टार्टर मारावा.

मॅनिफोल्ड तापवणारी नळी

उलट प्रकारची तक्रार, म्हणजे गाडी थंड असताना किंवा दमट गारव्यात अडखळते आणि चोक सुटल्यावरही बराच वेळ सावरत नाही, ही बहुतेकदा मिश्रणाच्या प्रमाणाची नसते. पेट्रोलची वाफ होताना मॅनिफोल्ड गार पडतो, त्यावर दव आणि कधी बर्फही जमतो, आणि पेट्रोलचे थेंब नळीच्या भिंतींवरच राहतात. म्हणून कार्बोरेटरच्या खालून एक्झॉस्टचा गरम वायू नेणारी नळी दिलेली असते. ती काजळीने बुजते. काही बाजारी सायलेन्सरना तिला जोडायची सोयच नसते. इंजिन पाच-सात मिनिटे चालल्यावर ही नळी दोन्ही बाजूंनी हात लावता येणार नाही इतकी तापली पाहिजे. एक बाजू थंड राहिली तर वाट बंद आहे, आणि ती साफ केल्याखेरीज कोणताही जेट बदलू नये. एअर क्लीनरला गरम हवा आणणारी लवचिक नळी बऱ्याच गाड्यांवरून गायब झालेली असते. तीही परत लावावी.

आयडलिंग उत्तम, पण चालताना लीन

आयडलिंग स्थिर झाल्यावरही एका वेगाने चालताना गाडी झटके देत असेल किंवा चढावर हेड तापत असेल, तर प्रश्न मेन जेटचा आहे. ३४ पिक्ट-३ वर तो सहसा १२७.५ चा असतो. येथे पेट्रोलमधील इथेनॉलचा हिशेब करावा लागतो. शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, १० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला सुमारे १४.१, आणि २० टक्क्यांच्या पेट्रोलला सुमारे १३.५. म्हणजे जेट तोच ठेवला, तर २० टक्के इथेनॉलवर मिश्रण साधारण ८ टक्क्यांनी लीन होते. जेटमधून जाणारे पेट्रोल भोकाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असल्याने ८ टक्के वाढीसाठी व्यास ४ टक्क्यांनी वाढवावा लागतो, आणि १२७.५ चा जेट १३२.५ वर जातो. आयडल जेटच्या बाबतीत ५५ वरून ६० वर जाणे म्हणजे क्षेत्रफळात १९ टक्क्यांची उडी आहे, त्यामुळे तेथे आधी स्क्रूनेच भरपाई करून पाहावी. अडीचऐवजी तीन फेऱ्यांवर स्क्रू आला तर तो दोष समजू नये.

उंचीचा परिणाम नेमका उलट असतो. हवा विरळ झाली की कार्बोरेटर रिच होतो, आणि १५०० मीटर उंचीवर हा फरक सुमारे ७ टक्के भरतो. त्या उंचीवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल भरून चालणारी गाडी जुन्या जेटवरही ठीक वागते आणि समुद्रसपाटीला उतरताच लीन होते, यात नवल नाही. जेटचा निर्णय ज्या उंचीवर गाडी अधिक चालते तेथेच घ्यावा.

वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधील ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारा) लावणाऱ्यांनी गेजवर लॅम्डा वाचावा; लॅम्डा १ म्हणजे हवा नेमकी लागेल तेवढी, त्याहून कमी म्हणजे रिच. सेन्सर प्रत्यक्षात लॅम्डाच मोजतो, आणि १४.७ च्या पट्टीवर दिसणारा आकडा इथेनॉलच्या पेट्रोलला तंतोतंत लागू पडत नाही. एका वेगाने चालताना लॅम्डा ०.९५ च्या आसपास आणि पूर्ण थ्रॉटलला ०.८५ ते ०.८८ असा असावा. मात्र सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या सांध्यातून हवा शिरत असेल किंवा एखादा सिलिंडर मिस करत असेल, तर न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोहोचतो आणि गेज खोटेच लीन दाखवते. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर वाजणारे फटाकेही बऱ्याचदा त्याच सायलेन्सरच्या फटीतून येतात, तेव्हा मिश्रणाला दोष देण्याआधी हीट एक्स्चेंजर आणि सायलेन्सर यांच्यामधल्या पॅकिंगवर काजळीचे काळे ओघळ दिसतात का ते पाहावे.

शाफ्ट खुळखुळत असल्याचे आढळले असेल, तर कार्बोरेटरच्या खालच्या भागात नवे ब्राँझचे बुश बसवून भोक शाफ्टच्या मापाला रीम करून घ्यावे लागते. केवळ नवा शाफ्ट टाकून भागत नाही, कारण झिजलेले असते ते भोक. बुश बसवल्यावर थ्रॉटलची पाकळी तिच्या मूळ बाजूनेच आणि मूळ दिशेने बसवावी, दोन्ही स्क्रू कसण्याआधी ती पूर्ण मिटवून नळीत आपोआप मध्यावर येऊ द्यावी, उजेडासमोर धरून कडेने फट दिसत नाही ना ते पाहावे, आणि मगच थ्रॉटलच्या स्क्रूपासून संपूर्ण सेटिंग नव्याने करावे.